बिकॉज कुठे आणि सो कुठे?



या महिन्याच्या भित्तिपत्रकात इंग्रजीचा धडा लिहायचे काम माझ्याकडे आले आहे. मी इंग्रजीत पहिली नाही. उलट माझी एक चूक सगळ्या वर्गाला पाठ आहे. पण बाई म्हणाल्या, "जिची चूक झाली तिनंच लिहावं. चूक कुठून येते ते तिला ठाऊक असतं." म्हणून मी लिहिते आहे.

आजचे दोन शब्द आहेत बिकॉज आणि सो. बिकॉज म्हणजे कारण. सो म्हणजे म्हणून. एवढे तर सगळ्यांना येते. मलाही येत होते. तरी चूक झाली. ती कशी झाली ते आधी सांगते.

माझी चूक

दसरा झाल्यावर बाईंनी घरच्या माणसांवर पाच वाक्ये लिहायला सांगितली. एका वाक्यात सो पाहिजे असे सांगितले. आमच्या घरी खरे असे झाले होते. २०१५ साली मराठवाड्यात मोठा दुष्काळ पडला. तेव्हा मी तान्ही होते. आमचा कापूस वाळला, विहीर आटली. बाबांनी त्या वर्षी पहिल्यांदा मुकादमाकडून उचल घेतली आणि आई-बाबा ऊस तोडायला गेले. तेव्हापासून दर वर्षी जातात.

तेच मी इंग्रजीत लिहिले. "माय फादर वेंट टू कट शुगरकेन, सो देअर वॉज नो रेन."

मला वाटले, किती छान वाक्य झाले! शुगरकेनचे स्पेलिंगसुद्धा बरोबर होते. बाईंनी ते मोठ्याने वाचले आणि विचारले, "याचा मराठीत अर्थ कोण सांगेल?" मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. तो म्हणाला, "बाई, हिचे बाबा ऊस तोडायला गेले म्हणून पाऊस पडला नाही. त्यांना माघारी बोलवा, म्हंजी पाऊस पडंल!"

सगळा वर्ग हसला. मी पण हसले. पण माझ्या डोळ्यांत पाणी आले, कारण चारच दिवसांपूर्वी आई-बाबा खरोखरच गाडीत बसून गेले होते. गेल्या वर्षी मी त्यांच्याबरोबर फडावर होते. पाच महिने शाळा बुडाली. या वर्षी मी आजीजवळ राहिले आहे.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर दोन चौकोन काढले. एकात लिहिले "पाऊस नाही". दुसऱ्यात लिहिले "बाबा गेले". मग म्हणाल्या, "आता सांग, आधी काय झालं आणि त्याच्यामुळं काय झालं?" मी सांगितले. त्यांनी पहिल्या चौकोनाकडून दुसऱ्याकडे बाण काढला. "बाणाच्या शेपटीकडं कारण. बाणाच्या टोकाकडं परिणाम. बाण उलटा झाला की वाक्य उलटं झालं."

चूक कुठून आली

आता गंमत पाहा. मी मनात मराठीत बरोबरच बोलले होते. मी म्हटले होते, "बाबा ऊस तोडायला गेले, पाऊस नव्हता म्हणून." आपण घरी असेच बोलतो. आजी पण असेच म्हणते, "भाकर लवकर केली, तुला शाळा हाय म्हनून." यात म्हणून हा शब्द कारणाच्या शेपटीला चिकटला आहे. तो कारणाला सोडत नाही. आपण वाक्याचे तुकडे पुढे-मागे केले तरी म्हणून कारणाबरोबर जातो.

पण इंग्रजीतला सो तसा नाही. तो परिणामाच्या डोक्यावर बसतो, टोपीसारखा. ज्याच्या डोक्यावर सो, तो परिणाम. मी म्हणूनच्या जागी सो ठेवला आणि तो टाकला पावसाच्या डोक्यावर. मग पाऊसच परिणाम झाला.

म्हणून ही खूण लक्षात ठेवा.

म्हणून मराठीत कारणाच्या मागे येतो.
सो इंग्रजीत परिणामाच्या पुढे येतो.
बिकॉज इंग्रजीत कारणाच्या पुढे येतो.

माझे वाक्य आता असे झाले. "देअर वॉज नो रेन, सो माय फादर वेंट टू कट शुगरकेन." म्हणजे पाऊस नव्हता म्हणून बाबा ऊस तोडायला गेले. हेच बिकॉज घालून असे होते. "माय फादर वेंट टू कट शुगरकेन बिकॉज देअर वॉज नो रेन." दोन्ही वाक्ये खरी आहेत. गोष्ट एकच आहे. फक्त कोण आधी चालते ते बदलले.

दोन प्रश्न विचारा

बाईंनी सोपी युक्ती सांगितली. एक वाक्य लिहिले की थांबायचे आणि स्वतःला प्रश्न विचारायचा.

पुढे "का?" या प्रश्नाचे उत्तर येणार असेल तर बिकॉज लिहा.
पुढे "मग काय झालं?" या प्रश्नाचे उत्तर येणार असेल तर सो लिहा.

उदाहरण पाहा. "द वेल वॉज ड्राय" म्हणजे विहीर कोरडी होती. का? "बिकॉज देअर वॉज नो रेन." मग काय झालं? "सो वी वेंट टू द टँकर." आम्ही टँकरवर गेलो. एकाच विहिरीला दोन्ही प्रश्न विचारता येतात. मागे पाहिले तर कारण दिसते, पुढे पाहिले तर परिणाम दिसतो.

आता मोठे उदाहरण घेऊ. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले. ते धरण आपल्याच बीड जिल्ह्यात आहे आणि लातूर शहराला तिथूनच पाणी जाते. मग लातूरला प्यायला पाणी उरले नाही. त्या वर्षी एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणले. हे इंग्रजीत कसे लिहाल? "देअर वॉज नो वॉटर इन लातूर, सो अ ट्रेन ब्रॉट वॉटर फ्रॉम मिरज." लातूरला पाणी नव्हते म्हणून आगगाडीने मिरजेहून पाणी आणले. हेच वाक्य उलटे केले तर काय होईल? आगगाडीने पाणी आणले म्हणून लातूरला पाणी नव्हते! बिचाऱ्या आगगाडीलाच दोष लागेल.

बिकॉज आणि बिकॉज ऑफ

बिकॉजचा एक भाऊ आहे. त्याचे नाव बिकॉज ऑफ. दोघे दिसायला सारखे, पण त्यांची कामे वेगळी.

बिकॉजच्या पुढे पूर्ण वाक्य पाहिजे. त्यात क्रियापद पाहिजे. "बिकॉज देअर वॉज नो रेन." यात वॉज हे क्रियापद आहे.

बिकॉज ऑफच्या पुढे नुसते नाम पुरते. "बिकॉज ऑफ द रेन" म्हणजे पावसामुळे. "बिकॉज ऑफ फीव्हर" म्हणजे तापामुळे. आपल्या मराठीत मुळे हा शब्द नामाच्या मागे येतो, बैलाच्या शेपटीसारखा. इंग्रजीत बिकॉज ऑफ नामाच्या पुढे येतो, बैलाच्या शिंगासारखा. बैल तोच आहे.

"आय वॉज ॲबसेंट बिकॉज ऑफ फीव्हर." बरोबर.
"आय वॉज ॲबसेंट बिकॉज आय हॅड फीव्हर." हेही बरोबर.
"आय वॉज ॲबसेंट बिकॉज फीव्हर." चूक. हे अर्धेच राहिले.

रजेच्या अर्जात हे वाक्य लागते. म्हणून नीट पाठ करा.

दोन्ही एकदम नको

आपल्या मराठीला जोड्या आवडतात. जर-तर, जेव्हा-तेव्हा, जसे-तसे. म्हणून आपल्याला वाटते, इंग्रजीतही बिकॉजबरोबर सो पाहिजेच. मग आपण लिहितो, "बिकॉज इट रेन्ड, सो द रोड वॉज बॅड." ही चूक आमच्या वर्गात जवळजवळ सगळ्यांनी केली. इंग्रजीत दोघांपैकी एकच पुरतो. एका गाडीला एकच गाडीवान असतो, तसे.

"बिकॉज इट रेन्ड, द रोड वॉज बॅड." बरोबर.
"इट रेन्ड, सो द रोड वॉज बॅड." बरोबर.

स्वल्पविरामाचेही सांगते. सोच्या आधी स्वल्पविराम द्यावा. बिकॉज वाक्याच्या मध्ये आला तर बहुतेक वेळा स्वल्पविराम लागत नाही. बिकॉजने वाक्य सुरू झाले तर कारण संपल्यावर स्वल्पविराम द्यावा.

कारणांची साखळी

एका कारणाच्या मागे दुसरे कारण असते. परिसर अभ्यासात आपण शिकलो की पावसाचे वारे अरबी समुद्रावरून येतात. सह्याद्रीपाशी ते वर चढतात आणि थंड होतात. तिकडे कोकणात आणि घाटावर खूप पाऊस पडतो. डोंगर ओलांडून आपल्याकडे येईपर्यंत त्यांच्यात थोडेच पाणी उरते. म्हणून आपला भाग पर्जन्यछायेत आहे.

याची साखळी अशी झाली. डोंगर आडवा आहे, सो इकडे पाऊस कमी. पाऊस कमी, सो विहीर आटते. विहीर आटते, सो पीक वाळते. पीक वाळते, सो उचल घ्यावी लागते. उचल घेतली, सो जावे लागते. प्रत्येक परिणाम पुढच्याचे कारण होतो. ही साखळी मी आजीला वाचून दाखवली. आजी म्हणाली, "माझी बी एक कडी जोड त्यात." १९७२ च्या दुष्काळात आजी माझ्याएवढी होती. घरची मोठी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. आजी घरी धाकटी भावंडे सांभाळायची. तिची शाळा सुटली ती सुटलीच. मग मी लिहिले, "देअर वॉज अ ड्रॉट इन १९७२, सो माय ग्रँडमदर लेफ्ट स्कूल." दुष्काळ पडला म्हणून आजीने शाळा सोडली. आजीने ते वाक्य वहीवर बोटाने चाचपून पाहिले आणि विचारले, "यात माझं नाव कुठं हाय?" मी ग्रँडमदर हा शब्द दाखवला.

वाक्य बरोबर पण गोष्ट खोटी

आता सगळ्यात महत्त्वाचे सांगते. व्याकरण बरोबर असले तरी वाक्य खोटे असू शकते.

"द कॉक क्रोड, सो द सन रोज." कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला. यात स्पेलिंग बरोबर, सोची जागा बरोबर, स्वल्पविराम बरोबर. पण हे खरे आहे का? आपल्याकडे म्हण आहे, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. म्हणजे आपल्या जुन्या माणसांना हे इंग्रजी न शिकता ठाऊक होते. कोंबडा आधी आरवतो आणि सूर्य नंतर उगवतो. पण आधी झाले ते कारणच असते असे नाही.

मग उलटे खरे का? उजेड पडतो म्हणून कोंबडा आरवतो का? बाईंनी सांगितले की २०१३ साली जपानच्या शास्त्रज्ञांनी कोंबड्यांना दिवस-रात्र सारख्याच मंद उजेडात ठेवून पाहिले. सूर्य दिसत नव्हता, तरी ते पहाटेच्या वेळेलाच आरवत होते. म्हणजे कोंबड्याच्या अंगातच घड्याळ असते. म्हणून कारण लिहिण्याआधी तपासावे. बाईंची परीक्षा अशी आहे. कारण काढून टाका. मग परिणाम तसाच राहिला, तर ते पुरे कारण नव्हते. कोंबडा झाकून पाहा, तांबडं फुटते का ते पाहा.

माझे दुसरे वाक्य

ही परीक्षा मला माझ्याच वाक्यावर करावी लागली.

रविवारी संध्याकाळी बाबांचा फोन येतो. त्या दिवशी आई बोलली. तिचा आवाज दमलेला होता. ती पहाटे तीनला उठते, भाकरी करते आणि अंधारातच फडात जाते. दिवसभर मोळ्या बांधते. माझा धाकटा भाऊ तिथेच वाढ्यांच्या ढिगाजवळ बसतो. गेल्या वर्षी त्याला मी सांभाळायचे आणि कोपीवर पाणी पण मीच भरायचे. फोन झाल्यावर शेजारच्या एक काकू म्हणाल्या, "पोरगी हितं राहिली म्हनून मायला जास्त काम पडतंय."

रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी वहीत लिहिले, "माय मदर वर्क्स हार्ड बिकॉज आय ॲम नॉट विथ हर." मी तिच्याजवळ नाही म्हणून आईला खूप कष्ट पडतात. मी वही बाईंना दाखवली आणि विचारले, "बाई, हे बरोबर आहे का?"

बाईंनी वही बराच वेळ धरून ठेवली. मग म्हणाल्या, "बिकॉज बरोबर बसला आहे. आता कोंबडा झाकून पाहू. गेल्या वर्षी तू फडावर होतीस. तेव्हा आई किती वाजता उठायची?"

मी म्हटले, "तीनलाच."

"मोळ्या कोण बांधायचं?"

"आईच."

"मग तू तिथं असतीस तर आईचे कष्ट संपले असते का?"

मी नाही म्हटले. पण मग मला आठवले आणि मी खरे ते सांगितले. "बाई, पाणी मात्र मी भरायचे. आता ते आईला भरावं लागतं. आणि बाळाकडे बघायला कुणी नाही."

बाई म्हणाल्या, "मग जेवढं खरं तेवढंच लिही. कमी पण नको, जास्त पण नको. आणि अजून एकदा का विचार."

मी खोडून पुन्हा लिहिले. "माय मदर फिल्स वॉटर बिकॉज आय ॲम नॉट देअर." मी तिथे नाही म्हणून आई पाणी भरते. मग मी का विचारले. मी तिथे का नाही? "आय ॲम नॉट देअर बिकॉज माय मदर वॉन्ट्स मी टू लर्न." मी तिथे नाही, कारण मी शिकावे असे आईला वाटते. हे मी कुणाचे ऐकून लिहिले नाही. जाताना आईनेच आजीला सांगितले होते, "औंदा हिची शाळा बुडवायची नाही."

पुढच्या रविवारी मी ही वाक्ये आईला फोनवर वाचून दाखवली आणि मराठीत सांगितली. आई थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ही दोन्ही बिकॉजची झाली. सोचं कुठं हाय?" मागच्याच वेळी मी तिला दोन्ही शब्द सांगितले होते, ते तिच्या ध्यानात राहिले होते!

मग फोनवरच मी सोचे वाक्य केले. "माय मदर वॉन्ट्स मी टू लर्न, सो आय ॲम इन स्कूल." आई शिकवायचे म्हणते म्हणून मी शाळेत आहे.

आई म्हणाली, "हे बरोबर हाय."

तुम्ही सोडवा

खालच्या रिकाम्या जागी बिकॉज, सो किंवा बिकॉज ऑफ भरा. पालकांनीही मुलांना मराठीत "का?" आणि "मग काय झालं?" विचारावे. त्याला इंग्रजी यावे लागत नाही.

१. आय वॉज हंग्री, ____ आय एट भाकरी. (मला भूक लागली. मी भाकरी खाल्ली.)
२. द बुलक इज टायर्ड ____ द लोड इज हेवी. (बैल दमला आहे. ओझे जड आहे.)
३. वी डिड नॉट प्ले ____ द रेन. (पाऊस होता. आम्ही खेळलो नाही.)
४. द बस वॉज लेट, ____ वी वॉक्ड. (बस उशिरा आली. आम्ही चालत गेलो.)
५. कोंबडा झाकून पाहा. "मांजर आडवे गेले, सो माझी पाटी फुटली." यात सोची जागा बरोबर आहे का? गोष्ट खरी आहे का?

उत्तरे : १. सो. २. बिकॉज. ३. बिकॉज ऑफ. ४. सो. ५. सोची जागा बरोबर, पण गोष्ट खोटी. पाटी हातातून पडली म्हणून फुटली. मांजर बिचारे आपल्या वाटेने चालले होते.

मागच्या रांगेतल्या त्या मुलाचा मला आता राग नाही. हा लेख भिंतीवर चिकटवायला खळ त्यानेच करून आणली. फाल्गुनात कारखान्याचा पट्टा पडला की आई-बाबा परत येतील. तेव्हा हा कागद भिंतीवरून काढायचा नाही असे मी बाईंना सांगून ठेवले आहे.

माझे काही चुकले असेल तर सांगा, मी दुरुस्त करीन. एवढे लिहून माझा लेख पुरा करते.

इयत्ता चौथी, हजेरी क्रमांक २३